मांबलमच्या अंगणातलं इंजिन

त्रेसष्ट साली माझी बदली मद्रासच्या छावणीत झाली. हुद्दा हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. घर तंजावरचं, घरातली बोली तिथली जुनी मराठी. पलटणीत सगळे सातारा-कोल्हापूरकडचे, ते मला 'मद्रासी' म्हणायचे. मद्रासला आलो, तर शेजारी 'रायर' म्हणू लागले. रायर म्हणजे तिकडे मराठी माणूस. थोडक्यात, कुठेही गेलो तरी मी दुसरीकडचाच. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वर्कशॉपमध्ये गाडी कुठल्या गावची हे कोणी विचारत नाही, चालते का एवढंच विचारतात.

हजर झाल्यावर पहिल्याच रविवारी मी वेस्ट मांबलमला कॅप्टन सुधींद्र राव यांच्या घरी गेलो. कॅप्टनसाहेब बासष्टच्या हिवाळ्यात सरहद्दीवर पडले होते. त्याआधी काही वर्षं मी त्यांच्या पलटणीला जोडलेला होतो. तेही तंजावरकडच्या मराठी घरातले. कॅंपात आम्ही दोघं घरच्या बोलीत बोलू लागलो की जवान कान देऊन ऐकायचे आणि पोट धरून हसायचे. साहेबही हसायचे. त्यांना राग यायला फार मोठं कारण लागे.

त्यांच्या कंपनीत जाधव नावाचे सुभेदार होते, साताऱ्याकडचे. तोंडभर कौतुक करणारा असा माणूस मी फौजेत दुसरा पाहिला नाही. कुणी नेम अचूक मारला, 'वा!' कुणी भाजी बरी केली, 'वा, वा!' आता तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. सुभेदारांनी 'वा' म्हटलं की कॅप्टनसाहेब हातातलं काम सोडून दोन पावलं पुढे येत आणि गंभीर चेहऱ्याने विचारत, "बोलावलंत, साहेब?" पहिल्यांदा फक्त मी हसलो, कारण फक्त मलाच कळलं. मी समजावून सांगितल्यावर सगळी कंपनी हसली, आणि मग तो कंपनीचा नेहमीचाच विनोद होऊन बसला.

मी गेलो तेव्हा मांबलमच्या घरात तीन माणसं होती. साहेबांचे वडील, निवृत्त शिक्षक. साहेबांची पत्नी सरोजाबाई. आणि आठ वर्षांची भानू. भानूला पोलिओ झालेला, दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या. अंगणात एक जुनी विलायती गाडी ताडपत्रीखाली उभी होती. ती साहेबांनी भानूला शाळेत नेण्यासाठी घेतली होती. स्टेशन जवळ असलं तरी त्या पट्ट्या घेऊन गर्दीत आगगाडीत चढणं पोरीला जमणारं नव्हतं.

मी ताडपत्री वर केली. उन्हाळ्यात कुणा भाड्याच्या ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये पाणी न बघता गाडी दामटली होती. इंजिन तापून जाम झालं, कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकच्या कुशीतून बाहेर आला. भोक एवढं होतं की माझी मूठ आत जात होती. असलं इंजिन दुरुस्त होत नाही, बदलावं लागतं.

"गाडी विकायची ठरलं आहे," साहेबांचे वडील म्हणाले. "भंगारवाला येणार आहे. पोर घरीच शिकेल. मी शिकवीन."

सरोजाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शाळा उघडायच्या आत गाडी चालली नाही तर भानूची जागा दुसऱ्यास देणार, असं सांगितलं आहे शाळेनं. इंजिन बदलता येईल काय, अण्णा?"

"येईल, मेमसाहेब. नवं परवडायचं नाही. जुनं शोधावं लागेल."

"मेमसाहेब कोण इथं? अक्का म्हणा की."

"सरी, अक्का," मी म्हणालो. सरी म्हणजे तिकडे 'बरं'.

खाजगी गाडी सरकारी वर्कशॉपमध्ये आणता येत नाही. मी परवानगी मागितलीही नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं आणि ते बरोबरच होतं. काम सुट्टीच्या दिवशी, साहेबांच्या अंगणात करायचं ठरलं. मदतीला सुभेदार जाधव आले. तेही त्याच छावणीत ट्रेनिंगच्या कामावर होते. बर्फाने त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती. बाकी माणूस तसाच धिप्पाड, पण एक गोष्ट बदलली होती. ते आता कुणाचं कौतुक करत नव्हते. फार बरं वाटलं तर म्हणायचे, "ठीक." मी समजलो, लढाई पाहून आलेला माणूस, गप्प होणारच.

इंजिन पुदुपेट्टैला सापडलं. तिथे मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्यांची गल्लीच आहे. त्याच मॉडेलची एक गाडी मागून लॉरीने चेपलेली होती. मागचा भाग गेला, पुढचा शाबूत. मी प्लग काढले, भोकावर अंगठा दाबून सुभेदारांना हॅंडल फिरवायला सांगितलं. चारही सिलिंडरनी अंगठा जोरात उडवला. ऑइल चिमटीत घेऊन उन्हात पाहिलं, धातूचा कण नाही. आमचं फुटकं इंजिन भंगारात देऊन वरचे पैसे अक्कांनी दिले. ते कुठून आले हे मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या दिसल्या नाहीत.

इंजिन तसंच बसवून देणारा मेकॅनिक मी नव्हे. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह काढले. अक्का पदर खोचून शेजारी बसल्या.

"हे मी करू काय?"

"हात खराब होतील."

"मग काय, हात दाखवायला कोण यायचं आहे?"

मी त्यांना व्हॉल्व्ह घासायला शिकवलं. थोडी पेस्ट लावायची, व्हॉल्व्हला लावलेली काठी दोन तळव्यांत फिरवायची, उचलून पाहायचं, पुन्हा फिरवायचं. कंटाळवाणं काम आहे. रिक्रूट पोरं दहा मिनिटांत डोळा चुकवून बिडी ओढायला पळतात. अक्का उठल्या नाहीत. एकेक सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे बसतो ती कडा, अशी करडी, एकसारखी उतरली की मी वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवली असती. शेजारच्या गच्चीवरून बायका पाहत होत्या, ऑफिसरची बायको, ती पण विधवा, कोपरापर्यंत काळी झालेली. सासरे आधी घरात येरझारा घालत होते. नंतर तेही खुर्ची घेऊन अंगणात आले आणि भानूबरोबर नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊ लागले. त्या घराबद्दल मला तेव्हा जो आदर वाटला तो आजही तसाच आहे.

आता बसवण्याचा दिवस. शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती. सुरूच्या तीन जाड वाशांची तिवई उभी केली, तिला चेन-पुली टांगली. चेन ओढायला पुदुपेट्टैचा मुनुस्वामी आला होता. त्याला तमिळखेरीज काही येत नव्हतं. मी ऑर्डर दिली ती अशी. बोलणार फक्त मी. 'तूक्कु' म्हणजे वर, 'इरक्कु' म्हणजे खाली, 'निल्लु' म्हणजे थांब. अक्का लाकडी ठोकळा घेऊन समोर बसतील. सुभेदारसाहेब वाशांवर नजर ठेवतील.

गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या बरोबर मधोमध घुसावा लागतो. केसभर तिरका असला तरी जात नाही, आणि जोर केला तर क्लच प्लेट जाते. त्यासाठी इंजिन अधांतरी ठेवून मधल्या फटीत हात घालावा लागतो. मी उजवा हात घातला.

"इरक्कु... इरक्कु... निल्लु."

इंजिन थांबलं. मी ते अंगाने ढकललं, किंचित फिरवलं. दांडा जागेवर आला आणि लोण्यात सुरी जावी तसा आत सरकला.

"वा!" सुभेदार जाधव ओरडले. "वा, वा!"

बासष्टच्या त्या हिवाळ्यापासून त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. नेमका तेव्हा निघाला. मद्रासकडे ओझं खाली घेताना, लॉरी मागे घेताना, 'वा, वा' असंच म्हणतात. मुनुस्वामीने ऐकलं आणि चेन सोडली.

इंजिन खाली आलं. माझा हात आत होता.

"निल्लु!" अक्कांचा आवाज अंगणभर गेला. त्या नुसत्या ओरडल्या नाहीत. ओरडता ओरडता त्यांनी ठोकळा इंजिनाच्या तळाखाली सारला आणि स्वतःचा हात वेळेत मागे घेतला. इंजिन ठोकळ्यावर टेकलं आणि थांबलं. मी हात ओढला. एक नख गेलं होतं, सालटं निघालं होतं, बोटं पाचही हलत होती. ठोकळा क्षणभर उशिरा आला असता तर माझा ट्रेड त्याच दिवशी संपला असता.

मुनुस्वामी कपाळावर हात मारून घेत होता. सुभेदार तिथे नव्हते. ते विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले होते. मी हाताला फडकं गुंडाळून त्यांच्याकडे गेलो.

"साहेब, काही झालं नाही. नख गेलं फक्त."

"कृष्णाजी, हा शब्द माणसं खातो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ते पुढच्या मोर्चावर होते. कॅप्टनसाहेब वरच्या टेकडीवरून मॉर्टरचा मारा सांगत होते. एक गोळा शत्रूच्या मशीनगनवर अचूक पडला. सुभेदारांनी वायरलेसचा हॅंडसेट ओढून घेतला.

"वा साहेब! वा! ओव्हर."

"आलोच, सुभेदारसाहेब. आउट."

सुभेदारांना वाटलं, नेहमीची थट्टा. ते हसलेसुद्धा. थोड्या वेळाने पाहतात तर कॅप्टनसाहेब दोन जवानांसह खरोखरच उघड्या उतारावरून खाली येत होते. मोर्चापाशी पोचता पोचता गोळा पडला. जवान वाचले, साहेब गेले.

"मी शाबासकी दिली होती. साहेबांनी बोलावणं ऐकलं. तेव्हापासून हा शब्द मी टाकून दिला होता. आज कसा निघाला कळत नाही."

मी मागे पाहिलं. अक्का आयोडिनची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुभेदार ताडकन उठून अटेन्शनमध्ये उभे राहिले. शिक्षा ऐकायला जवान उभा राहतो तसे.

अक्कांनी आधी माझ्या बोटावर आयोडिन ओतलं. मग विचारलं, "तुमच्याकडे तेव्हा गोळ्या किती होत्या, सुभेदारसाहेब?"

"संपत आल्या होत्या, मेमसाहेब. आधी वर कळवलं होतं."

"आणि ते येताना काय घेऊन आले?"

"अॅम्युनिशन," सुभेदार म्हणाले. "तिघांच्याही खांद्यावर पेट्या होत्या."

"तर मग? थट्टेसाठी कोण पेटी उचलून येतं?" अक्कांनी बाटलीचं बूच घट्ट बसवलं. "त्यांस मराठी येत होतं, सुभेदारसाहेब. 'वा' म्हणजे काय ते त्यांस चांगलं ठाऊक होतं. तुमची शाबासकी ऐकूनच गेले ते."

बर्फात बोटं गमावल्यावरही सुभेदार जाधव रडल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते रडले, आवाज न करता, उभ्यानेच. अक्का वळल्या आणि म्हणाल्या, "चला. इंजिन ठोकळ्यावरच आहे अजून."

उरलेलं काम संध्याकाळच्या आत झालं. माउंटिंग आवळले, पाणी भरलं, ऑइल घातलं, पेट्रोलची नळी जोडली. पहिल्या दोन हॅंडलना इंजिन नुसतं खोकलं. तिसऱ्याला पकडलं. थोडा निळा धूर निघाला, मग आवाज एकसारखा झाला. मी कान लावून ऐकलं. ठोका नाही, खडखड नाही. भानूने टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सुभेदार ड्यूटीआधी हजर होतो. अक्का स्टिअरिंगवर बसल्या. साहेबांनी सुट्टीवर असताना त्यांना शिकवलं होतं. मागच्या सीटवर भानू, नव्या युनिफॉर्ममध्ये, पाय सरळ पसरून. चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. अंगणाचं फाटक अरुंद, गाडी मागे घेऊन काढायची होती. कुणीतरी मागून इशारा द्यायला हवा होता. मी पुढे झालो. अक्कांनी खिडकीतून हात हलवून मला थांबवलं.

"सुभेदारसाहेब सांगतील. म्हणा की, साहेब."

सुभेदार फाटकात उभे राहिले. त्यांनी तीन बोटांचा हात वर केला.

"वा," ते म्हणाले. मग मोठ्याने, "वा! वा!"

लिंबं फुटली. गाडी सरळ बाहेर आली आणि शाळेच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत सुभेदारांनी सलामाचा हात खाली घेतला नाही.

सुभेदार जाधव नंतर विनंत्या करकरून परत पलटणीत गेले आणि पासष्टच्या लढाईत पडले. त्यांचं आणि कॅप्टन सुधींद्र राव यांचं नाव पलटणीच्या स्मारकावर एकाच दगडावर आहे, थोडं वर-खाली. भानू पुढे शिक्षिका झाली आणि ती गाडी तिच्या कॉलेजापर्यंत त्याच इंजिनावर चालली. मी पेन्शनीत निघालो त्यालाही आता खूप वर्षं झाली. जमेल तेव्हा स्मारकाला जातो. दोन्ही नावांसमोर अटेन्शनमध्ये उभा राहतो, सलाम करतो आणि एकदाच म्हणतो, "वा, साहेब." ते मराठीत म्हणतो की तमिळमध्ये, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.