भोंगेवाल्याचं लोटलेलं दार

सुपडूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला जनगणनेच्या प्रशिक्षणात बसले होते. समोर साहेब सांगत होते, की लोकांनी दिलेली माहिती गोपनीय ठेवायची, आणि माझ्या मांडीवर फोन थरथरत होता. व्हरांड्यात येऊन ऐकलं… सकाळी दुकानाचं शटर उचलताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. ज्या मोजणीसाठी हा माणूस इतकी वर्षं दंड थोपटून बसला होता, ती महिन्यावर आली आणि हा निघून गेला. एवढी कसली घाई होती मेल्याला!

धरणगावात त्याला सगळे भोंगेवाला म्हणायचे. लग्न असो, कानबाईच्या रोटांचा सण असो, निवडणूक असो, सुपडूभाऊचे भोंगे लिंबाला बांधले की चार गल्ल्यांच्या कानठळ्या बसायच्या. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला माईक त्याचाच असे आणि ऐन नाटकात तो शिट्टी मारे. मी शिक्षिका, जीभ तशी तिखटच, त्यामुळे आमची ओळख भांडणातूनच झाली. असा हा कानठळ्या बसवणारा माणूस एकाच्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून भांडायचा, तेव्हा लोक फिदीफिदी हसायचे. हसणाऱ्यांना कारण माहीत होतं, पण ते सोयीनं विसरले होते.

भाऊची थोरली बहीण, जिला सारं गाव अक्का म्हणतं, लग्नानंतर थोड्याच वर्षांत माहेरी परत आली ती कायमची. का आली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मग एका जुन्या मोजणीला गुरुजी आले आणि ओट्यावर बसले. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मोजणीवाला दिसला की गल्ली गोळा होते, कुणी पाणी आणतं, कुणी चहा टाकतं, आणि ज्याला विचारलं त्याच्या आधी शेजारीच उत्तर देऊन मोकळा होतो. गुरुजींनी अक्काला लग्नाबद्दलचा प्रश्न विचारला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तेवढ्यात पलीकडच्या काकूंनी तिच्या वतीनं सांगून टाकलं आणि गुरुजींनी लिहून घेतलं. काकू काय म्हणाल्या ते मी इथे लिहिणार नाही. भाऊनं जन्मभर जे झाकलं ते मी रविवारच्या पुरवणीत उघडं करू होय? त्यानंतर मोजणीची कुणकुण लागली की अक्का मुक्ताईनगरला दर्शनाला निघून जाऊ लागली. पुढच्या मोजणीला ती घरी नव्हती, आणि तेव्हाही तिचं उत्तर गल्लीनंच दिलं.

तेव्हा भाऊ बिथरला. तहसील कचेरीसमोर गोणपाट अंथरून बसला. उपोषण वगैरे काही नाही, उपाशीपोटी भांडता येत नाही असं त्याचं स्वच्छ मत होतं, म्हणून शेव-मुरमुरे खात बसला. फलकावर लिहिलं होतं, ‘दार लोटल्याशिवाय उत्तर नाही.’ साहेबांनी आत बोलावून दरडावलं, की हे राष्ट्रीय काम आहे, आडवे येऊ नका. भाऊनं एवढंच विचारलं, “कायदामां गुप्त शे ना साहेब? मंग ओटावर उघडं कसं?” साहेबांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

पण तो हेकट नव्हता, हे मुद्दाम सांगते. धुळ्याच्या एका सभेत एका बौद्ध प्राध्यापकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्यांचं म्हणणं, आमच्या माणसांची नीट मोजणी झाली नाही तर आमचा वाटा मागायचा कशाच्या जोरावर? तुमच्या नादानं लोकांनी दारं लावून घेतली तर बुडणार आम्हीच. भाऊ एरवी कुणाला बोलू द्यायचा नाही, त्या दिवशी मान खाली घालून ऐकत राहिला. मी नुसती गंमत बघायला सोबत गेले होते; परतीच्या एसटीत मला म्हणाला, की तो माणूस बरोबर बोलला. दुसऱ्याच दिवशी फलकावर ओळ वाढली, ‘मोजा, पण घरात बसून मोजा.’

आणि शिरपूरचा तो प्रताप! तोवर भाऊनं युक्ती काढली होती. ओट्यावर रेडिओ मोठ्यानं लावायचा, दार लोटायचं आणि आत प्रश्न विचारायचे, म्हणजे बाहेरच्यांनी कितीही कान टवकारले तरी काही कळायचं नाही. शिरपूरकडच्या एका गावात हे करून दाखवायचं ठरलं. मोठा कार्यक्रम म्हणून त्यानं रेडिओ थेट आपल्या भोंग्याला जोडला. दार लोटून मला समोर बसवलं आणि स्वतः मोजणीवाला झाला. पण सवयीचा गुलाम… गळ्यात माईक अडकवलेला आणि तो चालू! माईकमुळे भोंग्यावरचा रेडिओ कधीच गप्प झाला होता. माझं खरं वय, सासूबाईंची वेगळी चूल, सगळं लिंबावरून साऱ्या गावानं ऐकलं. बाहेर आलो तर लोक पोट धरून हसत होते. परतताना मी एसटीत त्याच्यापासून चार बाकं दूर बसले.

संध्याकाळी भाऊ दारात आला, हातात भरिताचं पातेलं. “चुकनू मी, बाई,” म्हणाला. मग उंबऱ्याबाहेरच थांबून हळूच म्हणाला, “पन आते तुमले समजनं, अक्काले कसं वाटनं व्हई.”

मी पातेलं घेतलं आणि त्याला आत बोलावलं. त्या दिवसापासून मी मनापासून त्याच्या बाजूची झाले.

मोजणी पुढे पुढे ढकलली गेली तसा भाऊ गल्लोगल्ली फिरत राहिला, आता भोंग्याशिवाय, फक्त कातडी कव्हरातला जुना रेडिओ घेऊन. या वेळी मोजणी मोबाइलवर होणार म्हटल्यावर तर त्यानं माझा पिच्छाच पुरवला. फोन तुमचा, त्यावर तुमची नात खेळणार, आणि त्यातच आमची घरं? मी नातीला दुसरा फोन घेऊन दिला तेव्हा कुठे गप्प बसला. मोजणीच्या पहिल्या फेरीत, घरांच्या यादीच्या वेळी, आम्ही शिक्षक फिरलो तेव्हा कितीतरी बायका स्वतःहून म्हणाल्या, की बाई, आत या. मी त्याला हे सांगितलं तर गडी लाजला.

भाऊ गेल्यावर महिन्यानं माणसांची मोजणी सुरू झाली आणि त्याची गल्ली माझ्याच वाट्याला आली. मला वाटलं होतं, अक्का मुक्ताईनगरला गेली असेल. ती दारातच उभी होती. तिनं रेडिओ ओट्यावर ठेवला, कान पिळून आवाज चढवला आणि आत येऊन दार लोटलं. बाहेर कापसाचे भाव मोठमोठ्यानं चालले होते. मी नाव विचारलं, वय विचारलं… आणि मग तो प्रश्न. अक्कानं सरळ माझ्याकडे पाहून उत्तर दिलं. माझं बोट फोनवर तसंच थांबलं. भाऊला हे माहीत होतं का, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

“नही,” अक्का म्हणाली. “त्यानी माले कधी इचारंच नही. म्हनीसन तर तो मन्हा भाऊ.”

ज्या उत्तरासाठी हा माणूस साऱ्या सरकारशी भांडला, ते त्यानं स्वतः एकदाही मागितलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा पलीकडच्या त्याच काकूंची सून ओट्यापाशी घुटमळत होती. मला वाटलं, कानोसा घ्यायला आली. पण ती म्हणाली, की बाई, पुढचं घर आमचं आहे, तेवढा रेडिओ नेऊ का? अक्कानं स्वतः उचलून तिच्या हातात दिला.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी पुन्हा अक्काकडे गेले. कोनाड्यात रेडिओ होता, कव्हराचं बटण भाऊ लावायचा तसंच लावलेलं. काय लिहू आणि काय नको, ते मी तिलाच विचारलं. तिनं पदरानं रेडिओवरची धूळ पुसली.

“गल्लीनी सांगं ते खोटं व्हतं, इतलंच लिख,” अक्का म्हणाली. “बाकी सारं मन्हं शे.”