आमच्या सोसायटीचं अधिकृत धुकं

“समस्त सभासदांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, उद्या पहाटे आपल्या सोसायटीत दाट धुके पडेल. ज्येष्ठ नागरिक, बालके व दम्याचे रुग्ण यांनी गॅलरीत येऊ नये. खिडक्या बंद ठेवाव्यात. कॅनडा : जोरदार हिमवर्षाव, सायंकाळनंतर गोठणारा पाऊस, वाहने काढू नयेत. हुकमावरून.”

हा मजकूर माझा नाही. गेल्या हिवाळ्यात रोज दिवेलागणीला तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन आदळायचा, आणि तो वाचून माझ्या अंगाचा जो तिळपापड व्हायचा त्याला एकाही थर्मामीटरवर आकडा नाही.

मजकूर आमच्या सेक्रेटरीकाकांचा. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले. मग मुलगा कॅनडात गेला आणि काकांना हवामानाचा नाद लागला. तिकडच्या गावातला बर्फ, धुकं, वारा सगळं यांच्या मोबाइलवर. तिथे पहाट झाली की इथून फोन. “आज गोठणारा पाऊस आहे, गाडी काढू नकोस.” मुलगा म्हणे, “बाबा, मी ऑफिसला पोचलोय.” “मग परत येऊ नकोस.”

गोठणारा पाऊस म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला वार्षिक सभेत समजावून सांगितलं होतं. आभाळातून पाणी पडतं आणि जमिनीला टेकल्याबरोबर त्याची काच होते. रस्ते, गाड्या, झाडं, सगळ्यांवर काच. आम्ही थक्क होऊन ऐकलं. तिथवर माझी काही तक्रार नव्हती. बाप लेकाची काळजी दुसरी कशी करणार? पण कॅनडा पुरेना म्हणून माणसाने आमच्या दोन इमारतींवरही हवामान लादावं?

त्यात बातम्यावाले साथीला. जरा गार वारा सुटला की वाहिनीवर एक स्वेटर घातलेला मुलगा तळव्यांवर तळवे घासत उभा. पुणेकरांना हुडहुडी! पुण्याचं काश्मीर! गुलाबी थंडी! पन्नाशी उलटली माझी, मला आजवर एकाही थंडीचा रंग दिसलेला नाही. महाबळेश्वरला गवतावर चार दवबिंदू गोठले की काका ते दृश्य ग्रुपवर टाकणार आणि खाली लिहिणार, ‘सावधान. अंतर फार नाही.’

एकदा तर कहर केला. फाटकाच्या उतारावर वॉचमनने गाड्या धुतलेलं पाणी सांडलं होतं, त्यावरून एक स्कूटर घसरली. कुणाला लागलं नाही. पण काकांना कॅनडा आठवला. तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात ना, बर्फ वितळायला! संध्याकाळपर्यंत उतारावर जाड्या मिठाचं पोतं रिकामं. दव पडलं, मीठ विरघळलं, कडेच्या जास्वंदीच्या मुळात गेलं. आठवड्यात जास्वंद उभी वाळली. पुण्यात बर्फ पडू नये म्हणून टाकलेल्या मिठाने झाड मरावं, हा मान बहुधा आमच्याच सोसायटीचा. “पण घसरलं का कुणी नंतर?” असं काकांनी मला तोंड वर करून विचारलं.

जास्वंदीचंही मी गिळलं. धुक्याचं मात्र गिळता येईना, कारण त्यात माझी आई अडकली होती.

आई ऐंशीची. दमा जुना. ती माझ्याकडे राहते आणि दिवसातली तिची सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे सकाळी गॅलरीत बसणं. आमच्या दोन इमारती समोरासमोर, मध्ये एक बोळ. आमच्या गॅलरीसमोर बरोबर सेक्रेटरीकाकूंची गॅलरी. आई मेथी निवडायला बसायची, काकू केस विंचरायला. दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे गप्पा दोघींत आणि श्रोते दोन इमारती.

“वहिनी, काल काय केलंत जेवायला?”

“मुगाची खिचडी. यांना पचत नाही दुसरं. तुम्ही हो, ताई?”

“मीही खिचडीच. मला पचतं सगळं, पण लेकीला येत नाही.”

हे माझ्याविषयी, माझ्या देखत, तिसऱ्या मजल्यावरून. मी रागवायचे, पण चहा गाळता गाळता हसूही यायचं.

हिवाळा सुरू झाला तसे डॉक्टर म्हणाले, “धुकं असेल त्या दिवशी सकाळी बाहेर बसवू नका. दारं-खिडक्या लावून घ्या.” आणि आमच्याकडे धुकं रोज! दिवाळी सरली आणि काकांचं पत्रक सुरू झालं. सकाळी बघावं तर खरंच, बोळात पांढरट पडदा. काकूंची गॅलरी अर्धी पुसलेली. गच्चीवरची पाण्याची टाकी तर गायबच. काका फिरून आले की फाटकाशी उभे राहून टाकीकडे बघत. टाकी दिसली नाही की ‘दाट’, अर्धी दिसली की ‘मध्यम’. हीच त्यांची वेधशाळा.

मग आमचं दार बंद. पलीकडे काकूंचंही, कारण काकांचा शब्द घरात आधी लागू होतो. आई आतल्या खोलीत पंखा बंद करून, शाल घेऊन बसायची. मी म्हटलं, “काकूंना फोन लावून देते.” म्हणाली, “फोन कानाला धरला तर भाजी कोणत्या हाताने निवडू?” दोन दिवस लावून दिला. दोघी एकाच वेळी “हॅलो, हॅलो” करत राहिल्या आणि ठेवून दिला. त्यानंतर आईने मेथी आणायला सांगणंच सोडलं. बोलणंही कमी झालं. दारं लावूनही खोकला थांबेना. एका सकाळी मला म्हणाली, “फेब्रुवारीत संपतं ना गं धुकं? तोवर वहिनी विसरणार नाहीत ना मला?” समोरच्या गॅलरीतल्या बाईविषयी विचारत होती हे, दगड मारला तर पोचेल इतक्या अंतरावरच्या!

तेव्हा मी काकांना फाटकाशी गाठलं.

“काका, शेजारच्या सोसायटीत धुकं नाही. रस्त्यावर नाही. माझा भाचा खराडीला कंपनीत जातो, अख्खं पुणं ओलांडतो, त्याला कुठे धुकं लागत नाही. आपल्याच बोळात कसं?”

काकांनी चिमूटभर तपकीर ओढली. तपकिरीची डबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम, आणि नाकाचा वास घेण्याचा अधिकार त्या डबीने केव्हाच काढून घेतलेला.

“कालवा,” ते म्हणाले.

“काय कालवा?”

“मागच्या भिंतीपलीकडे कालवा आहे. त्याचं बाष्प बोळात कोंडतं. याला सूक्ष्म हवामान म्हणतात. आपण वाचन वाढवा.”

“अहो, पण वास येतो. जळका.”

“वॉचमनची शेकोटी.”

“शेकोटीने टाकी झाकते?”

“आपल्या आईंची काळजी आहे म्हणूनच रोज लिहितो ना मी? लोकांना उपकाराची जाणीव नसते, दुसरं काय!”

आणि गेले निघून! मी तिथेच उभी. पुण्यात माणसाला अपमान कळायला जिना चढेपर्यंत वेळ लागतो. दुसऱ्या मजल्यावर मला उत्तर सुचलं, ते अत्यंत जिव्हारी होतं, आणि ते मी कठड्याला ऐकवलं.

संक्रांत आली. आमच्या बोळाच्या टोकाला, पंपाच्या खोलीमागे, बदामाचं एक थोरलं झाड आहे. हिवाळ्यात त्याची पानं लाल होऊन ढिगाने गळतात. ती झाडायला येणारा माणूस सणासाठी गावी गेला. काकांचं पत्रक मात्र गावी गेलं नव्हतं. ‘भोगीच्या पहाटे अति दाट धुके. खबरदारी.’

भोगीच्या पहाटे मी सवयीने गॅलरीचं दार लावायला गेले, आणि थबकले. टाकी दिसत होती. हिरवं झाकण दिसत होतं. झाकणावरचा कावळासुद्धा. हवा अशी स्वच्छ की काकूंच्या गॅलरीतल्या तुळशीची पानं मोजावीत.

“आई,” मी हाक मारली, “धुकं नाही.”

“पण ग्रुपवर आहे ना?”

“ग्रुपवर आहे. बाहेर नाही.”

ती काठी टेकत आली. समोर काकूही दार किलकिलं करून डोकावत होत्या, चोरून, नवऱ्याचं पत्रक मोडून. दोघींनी एकमेकींना डोळे भरून पाहिलं. मग आई ओरडली, “वहिनी, वाळलात हो!”

“तुम्ही काय कमी वाळलात, ताई! लेक जेवायला घालत नाही वाटतं?”

झालं. माझ्या अब्रूसकट सगळं पूर्ववत सुरू झालं. आई मोकळ्या हवेत तासभर बसली, भोगीच्या भाजीचे पावटे सोलले, आणि खोकला दोनदा आला असेल नसेल. संक्रांतीला तसंच, किंक्रांतीला तसंच. काकांनी खुलासा टाकला, ‘धुके लांबणीवर पडले आहे.’ लग्न लांबणीवर पडतं तसं! गाफील राहू नये म्हणे.

मी गाफील नव्हते. पण धुकं तीन दिवस कुठे गेलं होतं, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं हे खरं. कालव्याने सण पाळला असेल, असं काहीतरी मी भाच्याला म्हटलं होतं.

चौथ्या सकाळी दोघी नुकत्याच बसल्या होत्या. आईच्या मांडीवर मेथीची जुडी. मी आत दूध तापवत होते. एकाएकी आईचा खोकला ऐकू आला, तो साधा नव्हता, तळापासून येणारा होता. धावत आले तर गॅलरीत पांढरा लोट. काकू दिसेनाशा झालेल्या. आईला धरून आत आणलं, दार ओढलं, दम्याचा पंप तिच्या तोंडाशी दिला. श्वास जरा बसला तशी ती म्हणाली, “आलं गं परत. मी म्हटलंच होतं, सणापुरतंच गेलं असणार.” आणि मेथीची जुडी बाजूला सारली.

ती जुडी सारताना मी पाहिली आणि मग मला काही सुचलं नाही. अंगावर जुना गाऊन, वर शाल, पायात एक चप्पल माझी आणि एक आईची, अशी मी तीन मजले उतरले. वाटेत ज्यांनी दारं उघडली त्यांनी ती तेवढ्याच वेगाने लावली.

बोळात, पंपाच्या खोलीच्या पुढे, बदामाच्या पानांचा छातीएवढा ढीग. खाली ज्वाळा नावाला, वर धूर. दवाने भिजलेली पानं पेटत नाहीत, घुसमटतात. आणि ढिगाशेजारी, कानटोपी घालून, एका हातात काडेपेटी, दुसऱ्यात तपकिरीची डबी, आमची वेधशाळा.

“काका! हे काय?”

“पाचोळा. तो झाडणारा अजून आला नाही. रोज पहाटे पंपाच्या मागे त्याच्याकडून जाळून घेतो मी, सभासद उठायच्या आत. चार दिवसांचा साठला, मागे ओढवेना मला, म्हणून इथेच लावला.”

“रोज?”

“दिवाळीपासून रोज. स्वच्छता कोण बघणार, तुम्ही?”

मी बोट वर केलं. धुराचा लोट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून दोन इमारतींमध्ये पसरत होता. टाकी अर्धी गेली होती.

काकांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, आनंद पसरला.

“बघा,” ते म्हणाले. “आलं की नाही? सांगितलं होतं मी, लांबणीवर पडलंय म्हणून!”

जन्मभर दारूगोळ्याच्या शेजारी बसलेला माणूस! माझ्याकडे अख्खा हिवाळा साठवलेली वाक्यं होती. जास्वंदीवरची, उपकारावरची, जिन्याच्या कठड्याला ऐकवलेलं ते जिव्हारीसुद्धा. सगळी एकदम दाराशी आली आणि दारातच अडकली. मी नुसता आ वासला, तर तोंडात धूर गेला आणि मीच खोकू लागले. माझ्या आईसारखी, तळापासून.

“धुक्यात बोलू नये,” काका काळजीने म्हणाले.

तेवढ्यात वर कडी वाजली. काकूंच्या गॅलरीचं दार धाडकन उघडलं. काकू पदर नाकाला लावून कठड्यावरून वाकल्या. त्यांनी ढीग पाहिला, काडेपेटी पाहिली, समोरचं आमचं बंद दार पाहिलं, आणि दोन इमारतींना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

“अहो, ते धुकं विझवा आधी, मला ताईंशी बोलायचंय!”