गटारीचे कटलेट

जुन्या चाळीतलं कोणी भेटलं की हमखास म्हणतं, "काय कटलेट असायचे गं तुमच्या फॅक्टरीतले!" मी हसते. दुसरं काय करणार, कप्पाळ!

संपात बाबांची गिरणी बंद पडली आणि मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात कामाला लागले. घरात पगार माझा एकटीचाच. स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर पावात घालून देतात ना, ते कटलेट आमच्याकडे बनायचे. मटण कटलेट म्हणे! मटण नावाला. खाटकांकडचं उरलंसुरलं यायचं: चरबी, नसा, फुफ्फुसं, कोंबड्यांच्या माना आणि कातडी. ते बर्फासकट मशीनमध्ये टाकायचं, त्यात भिजवलेले शिळे पाव, उकडलेले बटाटे आणि मटणासारखं दिसावं म्हणून लाल रंग. मशीनमधून गुलाबी लगदा बाहेर पडायचा आणि आम्ही आठ बायका तो थापत बसायचो. बोटं गारठून बधिर व्हायची. आणि वास? पहिला आठवडाभर मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

उघडला त्या दिवशी नेमका शेठ आला. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास घेऊन थांबला आणि मसाला कोणाचा म्हणून विचारलं. मसाला आईचा, मालवणी. दर मे महिन्यात ती स्वतः मिरच्या वाळवायची, भाजायची आणि डंकावर उभी राहून कुटून घ्यायची. शेठने डबाभर मागवला. आई केवढी फुशारली! नळावर सगळ्या बायकांना सांगून झालं, माझ्या मसाल्यावर फॅक्टरी चालते म्हणून.

खरं कारण मला दोन दिवसांतच कळलं. गाड्यांवर न खपलेला माल परत यायचा. त्याचा वरचा रवा खरवडायचा, व्हिनेगरच्या पाण्यातून काढायचा आणि नव्या लगद्यात मिसळून पुन्हा मशीनमध्ये. साध्या गरम मसाल्याने तो वास झाकला जात नव्हता, आईच्या मसाल्याने झाकला. चवीचं कौतुक कसलं डोंबलाचं! पण हे तिला सांगायचं कोणी?

श्रावणात धंदा बसतो. म्हणून आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात शेठ फ्रीझर रिकामा करायचा. तळाला महिनाभर पडलेलं सगळं वर यायचं. आणि नेमकं त्याच आठवड्यात आईने गटारीचा बेत ठरवला. कोंबडी परवडत नव्हती, चाळीत निम्म्या घरांत गिरणीवालेच. कामगारांना माल स्वस्तात मिळतो हे तिला ठाऊक होतं.

"गटारीला कटलेट नको गं," मी म्हटलं.

"नको कित्याक? माझो मसालो आसा त्यात! पाच घरांक सांगान ठेवलंय मी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की चाळभर होणार, उद्या शेठच्या कानावर जाणार आणि चूल बंद. शिवाय आईचं तोंड बघवलं नसतं. निदान ताजे तरी वेचून आणू म्हणून शनिवारी मी सगळे ट्रे उलटेपालटे केले. ताजा एक नव्हता. तेच भरले पिशवीत. माझ्याच हातांनी.

रविवारी दुपारी पाच घरं आमच्या दारासमोर पॅसेजमध्ये बसली. आई तळत होती, वाढत होती. पोरं पाव तोडून हाणत होती. बाबा कित्येक महिन्यांनी मोकळं हसले. "झकास!" कोणीतरी ओरडलं. मी पोट बरं नाही म्हणून नुसता भात कालवत बसले. आईही दोन खाऊन उठली. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि मला माझीच किळस येत होती.

कोणाला काही झालं नाही. साधं पोटसुद्धा दुखलं नाही कोणाचं. याचा मला राग यावा, इतकी मी तेव्हा वाईट झाले होते.

संध्याकाळी मोरीत आई भांडी घासत होती, मी विसळत होते. मध्येच तिचा हात थांबला.

"चेडवा, तू एकपण खाल्लंस नाय."

"पोट..."

"गटारीक? तू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं, सगळं नाही तरी पुरेसं. मला वाटलं, आता विचारेल त्यात काय असतं ते. विचार गं बाई, एकदा विचार, सगळं ओकते. तिने आत पाहिलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग तिने पुढचं भांडं ओढलं.

"उद्या कामाक जातलंस मां?"

"जातलंय," मी म्हटलं.