एका आडावर किती सासवा

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळही पडला होता. मातीचा आणि लोकवस्तीचा असे दोन नकाशे घेऊन मी नांदेडहून उदगीरच्या शाळेत निघालो होतो. एसटीत शेजारच्या आजींनी ते न विचारताच माझ्या मांडीवरून उचलले. नातीसाठी स्थळ बघायला त्या जळकोटला चालल्या होत्या.

"मास्तर, माती काळी तिथं हे ठिपके बी दाट कसे?"

"काळ्या मातीत पिकतं, म्हणून तिथं माणसंही जास्त."

"अन् जळकोटाकडं?"

"मुरमाड आहे. वस्ती विरळ."

नखाने ठिपके चाचपत त्या म्हणाल्या, "मंग बरंच हाय की. एका आडावर सासवा कमी!"

बायको गेल्यानंतर मी पहिल्यांदाच मोठ्याने हसलो. "पण आजी, आडाला पाणी आहे का, ते नकाशात नसतं."

"त्येच बघाया चालले."

जळकोटला आजी उतरल्या; मुलाची आई त्यांना घ्यायला आली होती. "चला, घरी पाय धुवा, मग चहा घेऊ," ती म्हणाली.

त्या वर्षी पाहुण्याला पाय धुवायला पाणी कुणी विचारत नव्हतं. आजी गर्रकन माझ्या खिडकीकडे वळल्या आणि विहिणीसमोरच ओरडल्या, "मास्तर, पाणी हाय! सासूबी बरी दिसायली! देऊन टाकते पोरगी!"