माझ्या मागचे अण्णा

शिवाचा फोन आला तेव्हा मी कागलच्या एमआयडीसीत, आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये, बेअरिंगची खोकी मोजत होतो. "अण्णा गेले. झोपेतच. मागं सांग," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. दर रविवारी आम्ही काही जण कोल्हापुरातून जोतिबाला चालत जातो. आमच्यात निरोप असाच जातो, प्रत्येकानं आपल्या मागून चालणाऱ्याला सांगायचं. मी सवयीनं मोबाईलवर नंबर काढला आणि थांबलो. माझ्या मागून अण्णाच चालायचे... निरोप माझ्यापाशी येऊन संपला होता.

अण्णा फौंड्रीतून निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या पुढं, आवाज मात्र अजून भट्टीशेजारी उभं राहून बोलल्यासारखा. त्यांनी दोन मित्रांबरोबर चालायला सुरुवात केली, पुढं आम्ही बावीस जण झालो. ना अध्यक्ष, ना यादी, ना वर्गणी. नियम एकच. घाटाच्या प्रत्येक वळणावर मागं बघायचं. मागचा माणूस दिसला तर पुढं जायचं, नाही तर थांबायचं. तुम्ही थांबलात की पुढच्याला तुम्ही दिसत नाही, म्हणून तोही थांबतो, आणि असं करत पार पहिल्या माणसापर्यंत सगळे थांबतात. मला हे पटत नव्हतं. बावीस माणसं आणि जबाबदार कोणीच नाही? मी शिट्टी आणली, सगळ्यांच्या पुढं चालू लागलो आणि दर तिसऱ्या वळणावर डोकी मोजू लागलो. अण्णांनी अडवलं नाही. "मोज की बाबा. खरं बावीस जणांस्नी येकटा बघणार, तर डोळं किती हाईत तुला?" एवढंच म्हणाले. दोन-तीन रविवारांत मागं वळून बघणं बहुतेकांनी सोडून दिलं. शिट्टी आहे, मोजणारा आहे, मग कशाला बघायचं?

त्या दिवसांत माझे वडीलही यायचे. त्यांना साखरेचा त्रास. क्रम ठरलेला होता, शिवा, त्याच्या मागं वडील, आणि सगळ्यांत शेवटी अण्णा. एका रविवारी वरच्या वळणावरून मी मोजलं. माझ्यासकट बावीस. शिट्टी वाजवली, पण रांगेचं शेपूट हलेना. खाली शिवा रस्त्यात उभा होता. त्याची मागं बघायची सवय काही सुटली नव्हती. मी ओरडलो, "बावीस हाईत, चला की!" तेवढ्यात मागं कठड्यावर बसून बुटातला खडा काढणारे अण्णा उठले आणि त्यांचा आवाज घाटभर घुमला. "बावीस हाईत, खरं तुझा बा कुठाय?"

शिवाच्या मागं एक अनोळखी गृहस्थ उभे होते. जयसिंगपूरचे पावणे, देवाला एकटेच निघालेले. चालता चालता आमच्यात मिसळले आणि माझ्या मोजणीत बसले. आकडा बरोबर होता आणि माझा बाप त्यात नव्हता...

वडील सापडेपर्यंतची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. जवळची म्हणून धरलेल्या पायवाटेवर, एका झाडाखाली साखर उतरून ते घामाघूम होऊन बसले होते. अण्णांनी खिशातला गूळ त्यांच्या तोंडात घातला. जरा वेळानं वडील म्हणाले, "घाबरलो न्हाय मी. शिवा थांबणार ठाव हुतं." मी शिट्टी खिशात टाकली. पुन्हा काढली नाही.

पुढं वडिलांचे गुडघे थकले, त्यांनी येणं थांबवलं आणि त्यांची जागा मी घेतली. जयसिंगपूरचे पावणेही नेमानं येऊ लागले. आकडा पुन्हा बावीसच. अण्णा सर्वांत शेवटी असूनही प्रत्येक वळणावर मागं बघायचे. एकदा मी विचारलं, "तुमच्या मागं कोण असतंय, अण्णा?"

"कोण न्हाय."

"मग बघताय कशाला?"

"कोण न्हाय, हे बघितल्याबिगर कसं कळंल रं?"

तेराव्यानंतरच्या रविवारी मी अंदाज करून निघालो होतो. पहिल्या रविवारी दहा जण येतील, महिन्याभरात चार उरतील. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. तरी एकवीस जण आले. मी शेवटी होतो. ज्या कठड्यावर बसून अण्णा बूट झाडायचे, तिथं मीही बसलो. खडा नव्हता, तरी बसलो. बऱ्याच वेळानं मान वर केली, तर वरच्या वळणापर्यंत सगळी रांग उभी होती आणि प्रत्येकाचं तोंड मागं वळलेलं होतं. शिवा माझ्याकडं बघून ओरडला, "पावणं, येताय का तिथंच मुक्काम?" सगळे हसले. छातीवर इतके दिवस बसलेलं काहीतरी उतरलं. अण्णा नव्हते, पण चाललं होतं... अण्णांनी स्वतःच्या हातात असं काही ठेवलंच नव्हतं, की जे त्यांच्याबरोबर जाईल.

मी उठलो, बूट झाडले आणि मागं वळून बघितलं. रस्ता खालपर्यंत मोकळा होता. कोणी राहिलं नव्हतं. मग मी हात वर केला आणि रांग हलली.