सुनीताच्या प्रबंधाचे हेलपाटे

निवृत्त झालो की डोकं हलकं होतं, असं मला सांगण्यात आलं होतं. माझ्या बाबतीत उलटंच झालं. शिकवलेलं सगळं विसरलो आणि किस्से तेवढे साचत गेले. नंदुरबारला कॉलेजच्या लायब्ररीत खिडकीजवळ आमचं एक टेबल आहे. तिथे ग्रंथपाल बोर्से मॅडम, तापीकाठी केळी लावणारे निवृत्त केमिस्ट्रीवाले चौधरी सर आणि मी बसतो. मी वनस्पतिशास्त्राचा. इतकी वर्षं शिकवून त्यातलं मला नेमकं काय येतं, हे अजून सांगता येत नाही.

पीएच.डी.चा गाईड म्हणून माझं नाव शिल्लक राहिलं ते एकटीसाठी. सुनीता पावरा. मोलगीच्या वरच्या पाड्यातली, आश्रमशाळेत शिकवते. विषय, डोंगरातल्या घराघरांत जपलेली वालाची आणि धान्याची बियाणी. मुदतवाढही संपत आली होती. या खेपेला प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द! पुढचं सगळं त्याच धावपळीतलं.

*

एका जर्नलची मला मेल आली. ‘थोर विद्वान महोदय, आमच्या संपादक मंडळावर या.’ जर्नल दंतवैद्यकाचं!

चौधरी सर म्हणाले, “हाव म्हनी द्या सर! तुमना दात पडी ऱ्हायनात, अनुभव तर शेच!”

उत्तर न देणं मला जमत नाही. नम्रपणे नकार कळवला. आठवड्याभराने सुनीता आली, मोबाइल पुढे धरला. “सर, यांच्या मंडळावर तुमचा फोटो आहे.”

गाईड बोगस जर्नलचा संपादक निघाला तर हिच्या प्रबंधाचं काय होणार? रात्रभर मसुदा केला आणि सकाळी कडक शब्दांत मेल पाठवली, माझं नाव ताबडतोब काढा.

त्यांनी काढलं. आणि मुख्य संपादकांच्या जागी लावलं!

शेवटी बोर्से मॅडमनी विद्यापीठाला सगळं लिहून कळवलं, तेव्हा कुठे मला झोप लागली.

*

डोंगरातल्या वालावर मी फार पूर्वी एक पेपर लिहिला होता. सुनीताला तो हवा होता. माझ्याकडे प्रत नाही; घर बदलताना गेली असावी. वेबसाइटवर गेलो, तर पेपरला कुलूप. सरकारच्या नव्या योजनेत मोठमोठी जर्नल्स सगळ्यांना उघडणार म्हणतात, पण आमचं कॉलेज पहिल्या टप्प्यात नाही.

खाली एक बटण होतं, ‘लेखकाकडे प्रत मागा.’ दाबलं. पाच मिनिटांत मलाच मेल आली, ‘एका अभ्यासकाला तुमचा पेपर हवा आहे.’

चौधरी सर मागून वाचत होते. “जवाब द्या ना सर, बिचारा वाट देखी ऱ्हायना!”

बोर्से मॅडमनी ग्रंथपालांच्या कुठल्याशा ग्रुपवर विनंती टाकली. केरळातल्या एका अनोळखी ग्रंथपालबाईंनी संध्याकाळपर्यंत स्कॅन पाठवला, वर चिठ्ठी जोडली, ‘या लेखकाचं आणखी काही हवं असल्यास सांगा.’

आणखी काही आहे का, तेच मला आठवेना.

*

केरळातून पेपर संध्याकाळी आला. नवापूरहून पुस्तक यायचं, त्याची कथा वेगळी.

जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तकं द्यावीत म्हणून बोर्से मॅडमनी बैठक घेतली होती. झकास झाली! ‘संसाधनांची देवाणघेवाण’ हा शब्द प्रत्येक भाषणात आला. शेवटी याद्या मागवल्या. सगळ्यांनी हव्या असलेल्या पुस्तकांच्या याद्या आणल्या होत्या. द्यायच्या पुस्तकांची एकानेही नाही.

मॅडम म्हणाल्या, “आता कळलं, आपल्यात सहकार्य केवढं आहे! सगळे घ्यायला तयार आहेत.”

मग त्यांनी स्वतःच पद्धत पाडली. पुस्तक पिशवीत घालायचं, वर नाव लिहायचं आणि ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हाती द्यायचं. सुनीताचं पुस्तक तसंच निघालं. प्रबंध बाइंडिंगला जायचा दिवस, एक संदर्भ तपासायचा राहिलेला, आणि पुस्तकाचा पत्ता नाही. मी कंडक्टरला फोन लावला.

“पुस्तक बसमा शे सर, काळजी करू नका.”

“मग आलं कसं नाही?”

“बस विसरवाडीले बंद पडेल शे!”

चौधरी सर मोटारसायकलवर जाऊन घेऊन आले. वाटेत चाळलंही असावं, कारण आल्या आल्या म्हणाले, “एवढ्यासाठी गेलो होतो?”

*

प्रबंध वेळेत गेला. राहिली तोंडी परीक्षा आणि एक फॉर्म. कुठल्या घरात कोणतं बी आहे, ही सगळी माहिती विद्यापीठाच्या खुल्या ऑनलाइन भांडारात टाकायची की बंद ठेवायची? खुणेसाठी दोन चौकटी. सुनीताने दोन्ही कोऱ्या ठेवल्या. “हे माझं नाही सर, गावाला विचारून सांगते.” खुली केली तर कोण कुठून काय उचलून नेईल, बंद केली तर मग संशोधन कशासाठी? मला दोन्ही बाजू पटत होत्या, म्हणजे माझा काही उपयोग नव्हता.

तोंडी परीक्षेच्या नोटिशीत लिहिलं होतं, ‘मुलाखत सर्वांसाठी खुली.’ असं लिहायची पद्धत असते. येत कुणी नाही. सुनीताने ती पाड्यात वाचून दाखवली. त्या दिवशी दोन जीप भरून गाव आलं!

बाहेरचे परीक्षक पुण्याकडचे, प्रवासाने थकलेले. प्रश्नोत्तरं बरी झाली. मग त्यांनी फॉर्म उचलला. “हे कोरं का? याशिवाय निकाल पाठवता येणार नाही.” आणि रिवाजाप्रमाणे मागे बघून विचारलं, “कुणाला काही विचारायचंय?”

सुनीताची आजी उठली. पावरी भाषेत बोलली. गाव मान डोलवू लागलं. सुनीता अडखळत सांगू लागली, “आजी म्हणते, आमच्याकडे बी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. पण नेणारा सुगीनंतर परत करतो. हे जग नेणार, तर परत कधी करणार?”

झालं, निकाल अडकला!

परीक्षकांनी चष्मा काढला. “परत किती करायचं असतं?”

आजीने ओंजळ केली, मग त्यावर आणखी एक मूठ दाखवली.

परीक्षकांनी ‘खुली’ या चौकटीत खूण केली आणि खालच्या मोकळ्या जागेत इंग्रजीत लिहिलं : नेणाऱ्याने परत करावं, नेलं त्याहून मूठभर जास्त. सही केली. फॉर्म माझ्याकडे सरकवला.

“सर, हे चालेल का?” मी विचारलं.

“माहीत नाही. सही करा.”

मी केली. काय लिहिलंय ते सुनीताने आजीला सांगितलं. आजी पुढे आली, कागदावरची परीक्षकांची सही न्याहाळली आणि सुनीताला हळूच काहीतरी म्हणाली.

“काय म्हणतात?” परीक्षकांनी विचारलं.

सुनीता ओशाळली. “सर, ती विचारतेय, सुगीनंतर यायचं तर तुमचं घर कुठे आहे?”