कानाचा वाटा

…तर हरिलाल अत्तर लावून आला, इथपर्यंत काल आलो होतो. विमा कंपनीतला माणूस तो. बायकोनं कडक इस्त्री केलेला सदरा, पायात कोरे करकरीत बूट, आणि मानेला, मनगटाला, कानामागे अत्तर! आमच्या कनारी ट्रेस गावच्या रानातल्या शेवटच्या अगूतीलाही, म्हणजे सशाएवढ्या त्या बिनशेपटीच्या जनावरालाही, त्या सकाळी कळलं असेल की हरिलाल आलाय. कुत्री तर शिंकायलाच लागली. झगरू काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, नाक वर केलं आणि म्हणाले, "हरिलाल, आपण शिकारीला निघालोय की तुझ्या वरातीला?" मग त्याला ओढ्यात बसवला, अंगभर चिखल फासायला लावला आणि तसाच दुपारपर्यंत हिंडवला. घरी गेल्यावर बायकोनं दार उघडलं आणि परत लावून घेतलं. पण तोच हरिलाल पुढे असा तयार झाला की आज तिकडे मायारोच्या बाजूला त्याची स्वतःची टोळी आहे. काकांच्या अकरा चेल्यांमधला तो सातवा.

आता ज्या माणसाचं नावच झगरू, तो भांडखोर असेल असं कुणालाही वाटेल. पण एकाहत्तर वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला गावात कुणी ऐकला नाही. लाकडाच्या गिरणीत चौतीस वर्षं करवतीपुढे उभे राहिले. तिथे ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून खाणाखुणांनी बोलायची सवय लागली. घरी सोमारी काकी मात्र दोघांच्या वाटणीचं बोलायच्या. गिरणी सुटली की शनिवारी रान. ऑक्टोबरमध्ये मोसम उघडला की वन खात्याचा परवाना खिशात, फडक्यात सादा रोटी आणि भाजून कुस्करलेल्या टोमॅटोचा चोखा, गळ्यात कुत्र्यांना परत बोलवायचं बैलाचं शिंग, आणि पुढे कुत्री.

त्यांच्या टोळीत काका म्हणजे 'कान'. हे जरा नीट सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. आमच्या रानात कुत्री सोडली की दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. मोरा नावाची उंच झाडं आभाळ झाकून टाकतात आणि खाली रानकेळीची गच्च दाटी. तेव्हा टोळीतला एक जण मध्ये उभा राहून कुत्री काय म्हणतात ते मोठ्यानं सांगतो. "अगूती उठली… चढाला लागली… वळली, ओढ्याकडे!" बाकीचे त्या बोलण्यावर धावतात आणि आपापली वाट अडवून उभे राहतात. कानानं चुकीचं सांगितलं की सगळा दिवस पाण्यात. म्हणून वाटे घालताना एक वाटा जास्तीचा असतो, कलेजी आणि एक मागचा पाय. तो कानाचा वाटा. एकोणतीस मोसम तो काकांच्या घरी शिजला.

नव्या माणसाला काका तीन नियम घालायचे. पहिला मोसम बंदूक नाही. पहिला मोसम तोंड उघडायचं नाही. आणि हरिलालनंतर तिसरा आला, अत्तर लावायचं नाही. "नेम काय, म्हैससुद्धा शिकेल," असं म्हणायचे. "आधी ऐकायला शीक. न ऐकता उडवलेली गोळी कुणाच्या तरी पोटात जाते."

पण अकराच्या अकरा जण नेमात पटाईत झाले आणि कानात कच्चे राहिले. त्याची खंत काकांना होतीच. गेले दोन मोसम मात्र त्या खंतीच्या खाली एक भीती येऊन बसली होती. त्यांना पेनी ऐकू येईनाशी झाली होती.

पेनी म्हणजे त्यांची तांबूस, किडकिडीत कुत्री. टोळीतला दुसरा कुत्रा जनरल. छाती पिंपाएवढी, आवाज ढोलासारखा, आणि खोटारडा असा की सरड्यावर भुंकून अगूती असल्याची आरोळी ठोकेल. पेनीचा आवाज सुईसारखा बारीक, पण शब्दाला पक्की. माग गरम असला की तुटक तुटक बोलायची. जनावर भोकात शिरलं की एकदाच. आणि भोकात साप असला की मागे सरत लांबलचक रडायची. करवतीनं काकांच्या कानातले बारीक आवाज एकेक करून कापून नेले आणि शेवटी पेनीला नेलं. जनरलचा ढोल ऐकू यायचा, माणसांचं बोलणं यायचं. पेनीच्या जागी नुसती शांतता.

हे फक्त काकींना ठाऊक होतं. "चुलीवर किटली शिट्टी मारून मारून थकली," त्या म्हणायच्या, "आणि हे शेजारी बसून विचारतात, चहा झाला का गं?"

"टोळीत बोलू नकोस," काका म्हणायचे.

"मी कशाला बोलू? एक दिवस रानच बोलेल."

काकांनी कान सोडला असता, तर तो द्यायचा कुणाला? टोळीत आता दोघंच होते. फेलिक्स कोकोच्या मळ्यातला, पाय घोड्याचे, पण पाऊस पडतोय हेसुद्धा त्याला भिजल्यावर कळायचं. बिसनाथला दुसऱ्याचं ऐकायची सवयच नव्हती, कारण तो स्वतः बोलायचा थांबत नसे. कान गेला की टोळी मोडली, आणि टोळी मोडली की झगरू काका म्हणजे ओट्यावर बसलेला एक म्हातारा. म्हणून ते जनरलवर, पेनीच्या शेपटीवर आणि चाळीस वर्षांच्या अंदाजावर वेळ मारून नेत होते.

अशात अँसिला बाई आल्या. पोस्टातल्या. त्रेचाळीस वर्षांच्या, उंच, काळ्याभोर, अठरा वर्षं या भागात सायकलवरून टपाल वाटणाऱ्या. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी फाटकाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, मला शिकायचंय."

बिसनाथ हसला. "बाई, अगूतीला पत्र पोचवायचंय का?"

"तुझी पत्रं पोचवते ना, तिलाही पोचवीन. ती निदान उघडून वाचेल तरी."

काकांना ही बाई तिथेच आवडली. पण परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी विचारलं, "कुत्र्यांना भीत नाही ना?"

"काका, अठरा वर्षं कुत्री माझ्या पोटऱ्यांच्या मागे लागलीत," बाई म्हणाल्या. "रिओ क्लारोपासून इथपर्यंतचं प्रत्येक कुत्रं मी आवाजावरून ओळखते. कुठलं नुसतं बोंबलतं आणि कुठलं खरंच चावतं, ते वळणाअलीकडेच कळावं लागतं. नाहीतर मी कधीच लंगडी झाले असते."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि आत जाऊन काकींना म्हणाले, "आणखी एक रोटी बांध."

तो सगळा मोसम बाई काकांच्या मागे दहा पावलं चालल्या. बंदूक नाही, तोंडातून अवाक्षर नाही. काकांनी त्यांना वाऱ्याची दिशा दाखवली, मातीतलं ताजं पाऊल दाखवलं, पोट जड असलेली मादी कशी चालते आणि तिला का जाऊ द्यायचं ते दाखवलं. बाईही बघत होत्या. रानातलं बघत होत्या आणि काकांनाही. पेनी बोलली की काकांच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही, हे त्यांच्या नोव्हेंबरातच ध्यानात आलं. पण पहिला मोसम, तोंड बंद.

मग फेब्रुवारीतला तो शनिवार. सकाळी दोन अगूत्या मिळाल्या होत्या, बिसनाथ फुशारला होता. दहाच्या सुमारास तिसरी उठली आणि ओढ्यापलीकडे पडलेल्या मोरा झाडाच्या एका पोकळ ओंडक्याकडे पळाली. जनरल ओंडक्याच्या तोंडाशी उभा राहून ढोल बडवायला लागला. पेनी ओंडक्याच्या पलीकडे होती, दिसत नव्हती.

काकांनी कान दिला. जनरल म्हणतोय, आत आहे. पेनीकडून काहीच नाही. म्हणजे धोका नाही, अशी त्यांनी जुन्या सवयीनं स्वतःची समजूत घातली. "आत गेली," ते म्हणाले. "बिसनाथ, घाल हात."

आपलाच आणखी एक धडा होता, भोकाला आधी काठीनं विचारायचं, तो ते त्या क्षणी विसरले. पेनी गप्प असताना काठी कशाला? बिसनाथ पोटावर आडवा झाला आणि कोपरापर्यंत हात आत सारला.

"हात काढ!"

सगळे वळले. अँसिला बाई ओरडल्या होत्या.

"बाई, नियम," काका म्हणाले.

"नियम गेला चुलीत! पेनी रडतेय, काका!"

"पेनी गप्प आहे."

"गप्प नाहीये. पलीकडे मागे मागे सरतेय आणि लांब रडतेय. बिसनाथ, अरे हात काढ ना!"

बिसनाथचा हात आतच. "मला तर जनरलशिवाय काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "काका, तुम्ही सांगा. काढू की ठेवू?"

काकांनी ऐकलं. अगदी जीव कानात आणून ऐकलं. शांतता. एकोणतीस मोसम ज्या कानावर माणसं भोकात हात घालत आली, तो कान सांगत होता, काही नाही. आणि समोर पोस्टातली बाई, पहिल्या मोसमाची, मान ताठ, डोळे त्यांच्यावर रोखलेले. त्या डोळ्यांत राग नव्हता. तिला सगळं माहीत आहे, हे काकांना त्या क्षणी कळलं.

"बाई म्हणतात ते कर," काका म्हणाले. "काढ हात."

बिसनाथनं हात काढला. फेलिक्सनं लांब काठी तोडून ओंडक्यात सारली. काठीला आतून काहीतरी असं धडकलं की ती त्याच्या हातातून निसटली. मग अंधारातून एक डोकं बाहेर आलं, मुठीपेक्षा मोठं, आणि त्याच्यामागे खवल्याखवल्यांचं अंग संपेचना. मापेपीर, आमच्या रानातला सगळ्यात विषारी साप. आमच्याकडे त्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेतात. सगळे मागे सरले, त्याला वाट दिली आणि तो सावकाश, कुणाचं देणं लागत नसल्यासारखा, रानकेळीत निघून गेला. अगूती केव्हाच दुसऱ्या टोकानं पसार झाली होती. तिथे पेनी अजून थरथरत उभी होती.

बिसनाथनं आपला हात समोर धरून उलटापालटा करून पाहिला. 

दुपारी सगळे काकांच्या घरी आले. अंगणात आंब्याखाली अगूत्या सोलून झाल्या. रानकेळीच्या पानांवर चार वाटे पडले आणि बाजूला पाचवा, कलेजी आणि मागचा पाय. रीतीप्रमाणे काका वाट्यांकडे पाठ करून उभे राहिले. फेलिक्स एकेका पानाला बोट लावून विचारू लागला.

"हा कुणाचा?"

"फेलिक्स."

"हा?"

"बिसनाथ. दोन्ही हातांनी घे म्हणावं."

"हा?"

"अँसिला."

"हा?"

"माझा."

उरलं ते पान फेलिक्सनं विचारायची गरजच नव्हती. तरी रीत म्हणून त्यानं विचारलं, "आणि हा?"

 काकी दारात येऊन उभ्या राहिल्या, हातातली पळी तशीच.

"अँसिला," काका म्हणाले.

"ते नाव झालं की, काका," बिसनाथ म्हणाला. "हा कानाचा वाटा आहे."

"मला ठाऊक आहे तो कशाचा आहे." ते वळले. गळ्यातलं शिंग काढून हातात धरलं. "दोन मोसम झाले, पेनी मला ऐकू येत नाही. करवतीनं नेली. मी बोललो नाही, ही माझी चूक. आज बिसनाथचा हात गेला असता."

"म्हणजे दोन वर्षं मी बहिऱ्याच्या भरवशावर भोकात हात घालतोय?"

"हो. आहे ना जागेवर?"

"आहे."

"तो हिच्यामुळे आहे. अकरा जणांना शिकवलं मी. सगळ्यांनी माझं ऐकलं. हिनं पेनीचं ऐकलं. मी समोर उभा राहून नाही म्हणत होतो, तरी ऐकलं!" आणि मग झगरू काका, ज्यांचा चढा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता, कुंपणापलीकडून चाललेल्या शेजाऱ्याला हाक मारून सांगायला लागले, "अहो, ऐकलंत का? आमची बाई! पहिल्याच मोसमात! ढोल वाजत असताना तिनं सुई ऐकली!" शेजाऱ्याला काही कळलं नाही, तरी तो हसला. काका मात्र नातवंड पास झाल्यासारखे फुलले होते.

काकांनी पुढे केलेलं शिंग अँसिला बाईंनी दोन्ही हातांनी घेतलं. "काका, मला वाटलं तुम्ही मला हाकलून द्याल."

"द्यायलाच हवं होतं," काकी म्हणाल्या. "इतके दिवस गप्प कशी राहिलीस?"

"पहिला मोसम, काकी. तोंड बंद."

सगळे हसले. मग बिसनाथची जीभ सैल सुटली. त्यानं आपला वाटा उचलला, काकांकडे तिरकं पाहिलं आणि विचारलं, "बाई झाल्या कान. मग पुढल्या शनिवारी तुम्ही काय करणार, काका? घरी बसून काकींचा चोखा ढवळणार?"

काकांनी टोपी काढली, परत घातली आणि अँसिला बाईंपुढे जाऊन उभे राहिले.

"मी आता नवशिका. माझेच नियम मला: बंदूक नाही, तोंड उघडायचं नाही, अत्तर लावायचं नाही. बाई, साडेपाचला निघायचं की सहाला?"